गौळण म्हणणाऱ्या घरातली प्रेमकथा

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. मुलगी बारावीला, कला शाखेत आहे. अठरा पूर्ण व्हायला काही महिने आहेत. अभ्यासात बरी आहे. पण रोज रात्री कानात इअरफोन घालून एकच गाणं चाळीस-पन्नास वेळा ऐकते आणि मोबाइलवर प्रेमकथा लिहिते. एका ॲपवर लोक त्या वाचतात म्हणे. तिने डी.एड. करावं असं मला वाटतं, ती म्हणते लेखिकाच होणार. मी गावच्या भजन मंडळात पखवाज वाजवतो, त्यामुळे गाण्याला माझा विरोध नाही. पण प्रेमकथा लिहून पोट भरतं का? वाडीत कळलं तर लोक काय म्हणतील? तिच्या तीन कथा छापून सोबत पाठवल्यात. इअरफोन काढून घेऊ का?

उत्तर :

नमस्कार,

इअरफोन राहू द्या. काढून घेतलेत तर ती गोधडीत शिरून ऐकेल, आणि तुम्हाला वाचायला मिळणाऱ्या कथा मात्र बंद होतील. आज तिने त्या तुम्हाला छापू दिल्या, हे काही कमी नाही.

तिन्ही कथा वाचल्या. पहिली मी दोनदा वाचली. जत्रेला दशावतार आलाय. स्त्री पार्ट करणाऱ्या मुलाची साडी पावसात भिजते, म्हणून नायिकेच्या आईकडून साडी उसनी आणतात. पहाटे खेळ संपल्यावर साडी परत येते, नीट घडी घातलेली, पदराला तोंडावरच्या रंगाचा डाग लागलेला. नायिका ती साडी धुवायला टाकत नाही. कथा एवढीच. ‘प्रेम’ हा शब्द कुठेही नाही. सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं याचं मला, खरं सांगतो, कौतुक वाटलं.

दुसरी कथा वाचून तितकीच निराशा झाली. काळजाची धडधड मी मोजली, अडीच पानांत पाच वेळा. असं का झालं याचा अंदाज तुमच्या पत्रातच आहे. लिहिताना तिच्या कानात गाणं वाजत होतं. व्हायोलिनं वर चढली की तिचे डोळे भरून येत असणार, आणि तिला वाटत असणार की हे आपल्या वाक्यामुळे झालं. मी ती कथा वाचली तेव्हा माझ्या कानावर शेजारच्या मिक्सरचा आवाज येत होता. वाचकाला तिचं गाणं ऐकू येत नाही, त्याच्या हातात नुसती वाक्यं असतात.

म्हणून तिला एवढंच सांगा. गाणं लिहिण्याआधी हवं तितकं ऐक. पहिला खर्डा गाणं लावून लिहिलास तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इअरफोन पेटीत ठेवून तीच पानं मोठ्याने वाच. तुम्ही पखवाज शिकलात तेव्हा कातड्यावर थाप मारण्याआधी बोल तोंडाने म्हणून घेतले असतील. हेही तसंच आहे. तोंडाने म्हटल्यावर जी वाक्यं लंगडतात, ती खोडायची.

आता तुमच्याबद्दल थोडं. प्रेमकथा म्हटल्यावर तुम्हाला वाडीची लाज वाटते, पण दर भजनात अभंगानंतर बुवा गौळण घेतात आणि तुम्ही तिला ठेका धरता. गौळणीत दुसरं काय असतं? याने वाट अडवली, घागर फोडली, यशोदे, तुझ्या पोराला आवर. वरवर सगळी तक्रार. आणि त्या तक्रारीच्या आडून किती ओढ आहे, हे देवळातल्या पायरीवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं. प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हातातलं मुख्य हत्यार हेच: बोलायचं एक आणि कळू द्यायचं दुसरं. तिच्या दुसऱ्या कथेतले दोघं एकमेकांना सगळं सरळ सांगून टाकतात, त्यामुळे तिसऱ्या पानावर त्यांना काम उरत नाही. गौळण कशी रंगते ते एकदा तिला घेऊन बसा आणि सांगा. माझ्यापेक्षा तुम्हाला ते जास्त कळतं.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तर तिने ऐकलीच असेल. बुवा पुन्हा पुन्हा ध्रुपदावर येतात. शब्द तेच असतात, पण मधल्या कडव्याने त्यांचा अर्थ थोडा सरकलेला असतो. पहिल्या कथेत ती साडी तीनदा येते, आईच्या ट्रंकेत, त्याच्या अंगावर आणि मग परत घरात. तिने नकळत ध्रुपद धरलंय. लयीचंही तसंच. तुमच्याकडे गजर शेवटी येतो, सगळी लय चढल्यावर. दुसऱ्या कथेत पहिल्याच पानावर भेट, अश्रू, मिठी. गजराने भजन सुरू केलं तर पुढे पखवाज काय वाजवणार?

पोटाचा प्रश्न तुम्ही सरळ विचारलाय, उत्तरही सरळ देतो. नुसत्या कथा-कादंबऱ्यांवर मराठीत घर चालवणारे फार थोडे. हिशोब करून बघा: अडीचशे रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तर २५,००० रुपये, आणि खपायला दोन-तीन वर्षं लागली तर वर्षाचे किती ते तुम्हीच काढा. ॲपवर वाचक मिळतात, काहींना पैसेही मिळतात, पण त्या भरवशावर घरखर्च बांधू नये. तुम्ही तरी मोहोर बघून कर्ज काढता का?

म्हणून लिहिणाऱ्यांनी नेहमीच दुसरा आधार ठेवलाय. ना. सी. फडक्यांनी आयुष्यभर प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. त्याच फडक्यांना १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. इतका मान प्रेमकथेला आपल्याच जिल्ह्यांच्या पट्ट्यात मिळून गेलाय. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ सांभाळत कविता लिहायचे. पुढे ते मुंबई आकाशवाणीत गेले.

आज आधाराच्या जागा वाढल्यात. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात आणि तिन्हींचे पैसे वेगळे. कष्ट प्रचंड, रोज पानं द्यावी लागतात, आणि बहुतेक वेळा मुंबई-ठाण्यात राहावं लागतं. ऐकायच्या पुस्तकांची ॲप्स आहेत. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आलं, त्यात मराठी होती. शिवाय अनुवाद, सबटायटल, जाहिराती. या सगळ्यांत तुमच्या मुलीकडे एक गोष्ट आयती आहे, मालवणी. मच्छिंद्र कांबळींनी ती मुंबईच्या रंगभूमीवर गाजवली, तेव्हापासून ही बोली अस्सल लिहिता येणाऱ्या माणसाची गरज पडतेच. पहिल्या कथेतली आई मालवणीत बोलते आणि जिवंत होते. दुसरीतली आई पुस्तकी बोलते, ती मला आठवतही नाही.

शिक्षणाबाबत माझं मत असं. आत्ता डी.एड.चा हट्ट धरू नका. मराठी घेऊन बी.ए. करू द्या, देवगडात किंवा रत्नागिरीत गोगटे-जोगळेकरला. पदवीनंतर बी.एड. करता येतं, त्यामुळे शिक्षिका होण्याचा दरवाजा बंद होत नाही. इंग्रजी सोडू नये, अनुवादाला लागते. आणि ‘आणी’, ‘कि’ हे आधी सुधारायला सांगा. तीन कथांत मी इतक्यांदा लाल पेन उचललं की शेवटी बाजूला ठेवलं.

कागदपत्रांचं मात्र तुम्हीच बघायचं. अठरा पूर्ण होण्याआधी तिने कुठल्याही करारावर सही करू नये, तिने केलेल्या कराराला कायद्यात किंमत नाही. नंतरही, हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देतोय ते वाचल्याशिवाय नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण ॲपवाले बहुधा न लिहिता ठेवत नाहीत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द दिसले की थांबायचं आणि कुणा जाणकाराला विचारायचं.

तिसऱ्या कथेत तिने एका सिनेगीताच्या आठ ओळी उतरवल्यात. त्या काढायला सांगा. गीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्या शब्दांवर हक्क असतो, परवानगीशिवाय छापता येत नाहीत. गाणं ऐकून सुचलेलं लिहायला कुणाची बंदी नाही. आणि ओळी हव्याच असतील तर तुकोबा मोकळे आहेत. घरात आजी असेल तर तिला जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायला सांगा. या पावसाळ्यातच, बागेचं काम कमी असतं तेव्हा.

वाडीचं राहिलं. टोपणनाव घ्या. खानोलकरांना अख्खा महाराष्ट्र ‘आरती प्रभू’ म्हणून ओळखतो, आणि त्या नावाने कुणाच्या घराण्याची अब्रू गेली नाही. टोपणनावाने ॲपवरच्या अनोळखी लोकांपासूनही थोडं अंतर राहतं. तिने तिथे फोन नंबर, गाव, शाळा यातलं काहीच टाकू नये. हे आजच बघून घ्या.

एक शेवटचं, आणि हे सल्लागार म्हणून नाही. नायिका साडी ट्रंकेत ठेवते तिथे पहिली कथा थांबते. पुढच्या वर्षी जत्रेला तो मुलगा पुन्हा आला का, आणि आला असेल तर तिने कुठली साडी नेसली होती, ते तिला लिहून पाठवायला सांगा.