वाचक विचारतात : जुन्या कॅसेट, नवा संगणक आणि मोजके पैसे

प्रश्न : आमच्या घरी व्हीएचएसच्या वीस-पंचवीस कॅसेट आहेत. बहुतेक घरगुती चित्रण आहे, काही टीव्हीवरून टेप केलेले कार्यक्रम. शिवाय कॅमेऱ्यातल्या काही छोट्या कॅसेटही आहेत. हे सगळं संगणकावर उतरवायचं आहे. बाहेरून करून घेणं परवडत नाही, म्हणून एक जुना व्हीसीआर मिळवला आणि स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) घेतलं. पण चित्र मधूनच अडकतं, कधी नुसता निळा पडदा येतो आणि अर्ध्या तासानंतर आवाज चित्राच्या पुढे पळतो. दोन कॅसेटच्या टेपवर पांढरट बुरा दिसतो. आता महागडं कॅप्चर कार्ड घ्यावं का? छोट्या कॅसेटसाठी अ‍ॅडॉप्टर मिळतो का?
– एक वाचक

उत्तर : कार्ड घेण्याची घाई करू नका. तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ कार्डात दिसत नाही. ते व्हीसीआरमध्ये आणि टेपमध्ये आहे. व्हीसीआर आणि कॅसेट आयुष्यभर उघडत आलेला माणूस म्हणून सांगतो, हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी कॅसेट चालवणाऱ्या यंत्रावर घाला. टेपवरून जे नीट वाचलंच गेलं नाही, ते पुढचं कुठलंही कार्ड परत आणू शकत नाही.

आधी त्या बुऱ्याच्या दोन कॅसेट. त्या आजच एका पिशवीत बंद करून इतरांपासून लांब ठेवा आणि कृपा करून चालवून पाहू नका. ती बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. एकदा व्हीसीआरमध्ये गेली की हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणि रोलरवर बसते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. त्या दोन कॅसेट महत्त्वाच्या असतील तर तेवढ्याच बाहेर जाणकाराकडे द्या. इथे काटकसर नको.

बाकीच्या कॅसेट एकेक करून हातात घ्या. पुढची झडप ज्या बाजूच्या बारीक बटणाने सुटते ते दाबा, झडप वर उचला आणि टेप उजेडात तिरकी धरून पाहा. बोट टेपला लावायचं नाही. ती सपाट आणि एकसारखी चकाकायला हवी. वरची कड चुरगळलेली असेल तर साधा आवाज बिघडणार, कारण तो वरच्या कडेला असतो. खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो. ती कड दुमडली असेल तर यंत्राला चित्राच्या रेघा सापडत नाहीत आणि ट्रॅकिंगचं बटण कितीही फिरवलं तरी पट्टे जात नाहीत. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे पळवा, मग पूर्ण रिवाइंड करा आणि त्यानंतरच प्ले दाबा. मागची प्लॅस्टिकची चिपही मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी जुनं चित्रण पुसणार नाही.

आता व्हीसीआर. चित्रात सतत मुंग्या असतील तर हेड मळलेलं आहे. प्लग काढून ठेवा, झाकण उघडा. कापडी धागे न सुटणारा शामॉय (मऊ चामड्याचा तुकडा) किंवा साधा कोरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या चकचकीत ड्रमला हलकेच टेकवा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून फिरवा. फिरवायचा तो ड्रम, कागद जागेवर स्थिर राहिला पाहिजे. वर-खाली घासलं किंवा कानात घालायची कापसाची काडी वापरली तर हेडचं नाजूक टोक तुटतं, आणि ते बदलून मिळणं आता अवघड आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून चालतं यंत्र जपा. स्वच्छ केल्यावर पहिल्यांदा टीव्हीवरून टेप केलेली एखादी नको असलेली कॅसेट चालवा. घरातल्या माणसांची कॅसेट त्यानंतर.

निळा पडदा बहुतेक वेळा व्हीसीआरच आणतो. सिग्नल अशक्त झाला की तो चित्र झाकून निळा रंग दाखवतो. मेन्यूमध्ये निळ्या पडद्याची सोय असते, ती बंद करा. चित्र खराब दिसेल, पण दिसेल. आवाजात घरघर असेल तर हायफाय, म्हणजे चित्राबरोबर नोंदलेल्या आवाजाऐवजी कडेचा साधा आवाज निवडून पाहा.

चित्र अडकण्याचं आणि आवाज पळण्याचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. टेप ताणली जाते, सैल पडते. त्यामुळे चित्राची प्रत्येक रेघ ठरल्या क्षणी न येता किंचित आधी किंवा नंतर येते. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. कॅप्चर उपकरणाला मात्र नेमकी लय लागते. ती चुकली की ते काही फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र अखंड येत राहतो, आणि तासाभरात दोघांची फारकत होते. यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेघांची लय सरळ करणारं यंत्र, पण तो महाग असतो. काटकसरीचा मार्ग आहे आणि तो मला मनापासून आवडतो : कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल तर मागून आणा. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला आणि त्याच्या आउटपुटची वायर कॅप्चरला. रेकॉर्ड काहीच करायचं नाही, चित्र फक्त त्यातून जाऊ द्यायचं. सगळ्याच मॉडेलना हे जमत नाही, पण ज्यांना जमतं त्यांच्यातून चित्र कमालीचं स्थिर होऊन बाहेर पडतं.

तेही नाही मिळालं तर निदान एवढं करा. कॅप्चर थेट संगणकाच्या यूएसबीला लावा, हबमध्ये नको. पांढऱ्या आणि लाल पिनांचा आवाज कॅप्चर उपकरणातूनच घ्या, संगणकाच्या माइकच्या भोकातून नको. दोन उपकरणांची आतली घड्याळं वेगळी चालली की आवाज सरकतो. त्या वेळात संगणकावर दुसरं काही चालू ठेवू नका. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर पिवळ्या पिनेऐवजी तेच वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करून देणारा छोटा डबा मात्र टाळा. तो चित्र ताणून मोठं करतो, आणि तसं ताणलेलं पुन्हा मूळ होत नाही.

सॉफ्टवेअरवर काही खर्च करायची गरज नाही. ओबीएस किंवा व्हर्च्युअलडब फुकट मिळतात. कॅसेट पाल पद्धतीची (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, बस्स. पालचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनतं. मूळ फाइलमध्ये ती तशीच राहू द्या. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतील, घाबरू नका. पाहण्याची प्रत काढताना हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते घालवता येतात. शक्य असेल तर मूळ फाइल दर्जा न घटवणाऱ्या पद्धतीने साठवा. त्यात तासाला ३०-४० जीबी जातात. पाहायच्या प्रतीला अडीच-तीन जीबी पुरतात. जागा कमीच असेल तर मूळ फाइल फक्त अनमोल कॅसेटच्या ठेवा. टीव्हीवरचे कार्यक्रम सरळ वगळा, तुमचा वेळही मोलाचा आहे.

छोट्या कॅसेटवर काय लिहिलंय ते वाचा. व्हीएचएस-सी असेल तर अ‍ॅडॉप्टर आहे आणि ती नेहमीच्या व्हीसीआरमध्ये चालते. व्हिडिओ८ किंवा हाय८ असेल तर अ‍ॅडॉप्टर शोधूच नका. ती टेप ८ मिलिमीटर रुंद, व्हीएचएसची १२.७. असा अ‍ॅडॉप्टर बनलेलाच नाही. त्यासाठी त्याच प्रकारचा कॅमेरा हवा, नातेवाइकांत विचारा. मिनीडीव्ही असेल तर त्यावर आधीच डिजिटल नोंद आहे. ती पिवळ्या पिनेतून घेऊ नका, फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल वायरने) जशीच्या तशी उतरवा. तासाला सुमारे १३ जीबी होतील.

एक विनंती. कॅसेट उतरत असताना घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि वही घ्या. कितव्या मिनिटाला कोण दिसलं, कोणाचा आवाज आहे, लिहून ठेवा. फाइलला वर्ष आणि प्रसंग यांचं नाव द्या. कॅसेटवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, एकावर एक टेप केलेलं असतं. ओळखणारी माणसं आहेत तोवरच हे काम होतं.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपूर्वी कॅसेटच्या डीव्हीडी करून घेतल्या. आता कॅसेट टाकून द्याव्यात का?
– आणखी एक वाचक

उत्तर : टाकू नका. घरगुती डीव्हीडीवरचं चित्रण दाबून लहान केलेलं असतं आणि लिहिता येणाऱ्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर काळाने फिका पडतो. आधी डीव्हीडीवरच्या फाइल पुन्हा रूपांतर न करता तशाच हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर दुसऱ्या घरी ठेवा. मग सर्वांत प्रिय कॅसेट वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा उतरवा आणि शेजारी लावून पाहा. डीव्हीडी घाईत केलेली असेल तर फरक लगेच दिसेल. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, डब्यात उभ्या, कोरड्या जागी ठेवा. स्पीकरच्या जवळ नकोत.