‘प्रायश्चित्त’, ‘पश्चात्ताप’ आणि योम किप्पुर

प्रश्न असा आला आहे : एका ज्यू कथेचा मराठी अनुवाद चालू आहे. कथेतला माणूस योम किप्पुर या ज्यूंच्या उपासाच्या सणाआधी ‘तेशुव्हा’ करतो, म्हणजे केलेली चूक निस्तरून परत वळतो, आणि भावाच्या घरी जातो. इथे ‘प्रायश्चित्त’ लिहावं की ‘पश्चात्ताप’?

सणाच्या नावापुरतं ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ बिनदिक्कत लिहा. मराठी बायबलमुळे ते रुळलेलंच आहे. अडचण ‘तेशुव्हा’ची आहे, आणि तिथे मला ‘प्रायश्चित्त’ अजिबात पटत नाही.

आपल्याकडे प्रायश्चित्त कोणीतरी देतं आणि आपण ते घेतो. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिश्चन मिशनमधला चहा आठवा. १८९० साली पुण्यातली मोठमोठी माणसं तिथे जमली, चहा झाला आणि पुढे टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या चहानं कोणाचं काही बुडालं नव्हतं, कोणी दुखावून घरी रडत बसलं नव्हतं. विटाळ झाला, तो विधीनं गेला, पुन्हा पंगतीत बसायची मोकळीक मिळाली. तेशुव्हाच्या केंद्रस्थानी मात्र ज्याचं नुकसान झालं तो माणूस असतो.

सुमारे १,८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, ‘योमा’ प्रकरणाच्या शेवटी, हे स्वच्छ सांगितलंय. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचं योम किप्पुर परिमार्जन करतो. माणसामाणसांतल्या अपराधांचं करत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही. म्हणजे पंचवीसेक तासांचा निर्जळी उपास, दिवसभराची प्रार्थना, सगळं खरं, पण भावाचे पैसे दाबून ठेवलेले असतील तर त्या खात्यावर उपासातलं काहीच जमा होत नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकारानं याचे बारकावे लिहून ठेवले. आधी देणं चुकतं करा, मग माफी मागा. तो ऐकत नसेल तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन जा, असं तीनदा करा. तरीही तो अडून बसला तर सोडून द्या, आता दोष त्याचा. दुखावलेला माणूस तुमचा गुरू असेल तर मात्र हजारदा जावं लागलं तरी जा. आणि पुरी तेशुव्हा कोणाची? तोच मोह, तीच संधी पुन्हा समोर आली, अंगात ताकदही आहे, आणि तरी ज्यानं ते केलं नाही, त्याची. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. इथे माणसाच्या रडण्याला किंमत नाही, पुढच्या वागण्याला आहे. म्हणूनच ‘पश्चात्ताप’ही तोकडा पडतो, ताप नुसता मनातल्या मनात होऊ शकतो. तेशुव्हाचा धातू ‘परतणे’ या अर्थाचा आहे.

योम किप्पुरच्या कबुलीत हिब्रू अक्षरक्रमानं एकेक अपराध उच्चारतात आणि प्रत्येक शब्दाला मुठीनं छातीवर हलकेच मारतात. सगळी क्रियापदं ‘आम्ही’ची. ज्यानं चोरी केलेली नाही तोही ‘आम्ही चोरी केली’ म्हणतो. अनुवादात हे वाक्य आलं तर चुकूनही ‘मी’ करू नका.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी ज्यूंनी, याच दिवसाला मराठी नाव दिलं होतं, ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं बंद करून घेण्याचा सण. हिब्रू नावं विस्मरणात गेली तरी पांढऱ्या कपड्यांत, दार लावून, घरात उपास धरून बसणं त्यांनी सोडलं नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं-येणं. कथेतली माणसं मराठी ज्यू असतील तर ही नावं जरूर वापरा.

बाकी तुमच्या वाक्यात मी ‘तेशुव्हा’ हा शब्द तसाच ठेवेन आणि पुढे साध्या क्रियापदांनी उलगडेन : ‘सणाआधी तेशुव्हा करायची म्हणून तो भावाकडे गेला, पैसे पुढ्यात ठेवले आणि त्याची समजूत काढू लागला.’ ‘क्षमायाचना केली’ नको. तो शब्द अर्जातला आहे, भावाच्या ओटीवरचा नाही.