वाचकांचे प्रश्न : हाउसबोटीला डेप्थ साउंडर

प्रश्न : अलप्पुळा इथे आमची भागीदारीतली जुनी लाकडी हाउसबोट आहे, बाहेरून फायबरचा थर दिलेली. उन्हाळ्यात गाळात रुतते, म्हणून डेप्थ साउंडर (ध्वनीने पाण्याची खोली मोजणारं यंत्र) बडोद्याहून घेऊन जायचा विचार आहे. तिथला मिस्त्री तळाला भोक पाडून बसवू म्हणतो. भागीदाराच्या मते ट्रान्सड्यूसर (यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) आतूनच चिकटवला की झालं. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोघांचंही नको. आतून चिकटवलेला ट्रान्सड्यूसर भरीव फायबरच्या तळातूनच नीट चालतो. तुमच्या फायबरच्या मागे लाकूड आहे, आणि लाकडातून ध्वनी नीट पार होत नाही. भोकाचं म्हणाल, तर केट्टुवळ्ळमच्या, म्हणजे तुमच्यासारख्या केरळी लाकडी बोटीच्या, फळ्या पूर्वापार काथ्याने शिवतात. ड्रिल शिवणीत गेलं की गळती मागे लागली. शिवाय स्वस्त संचातला प्लॅस्टिकचा ट्रान्सड्यूसर लाकडी तळाच्या भोकात बसवूच नये. लाकूड फुगतं आणि प्लॅस्टिकला चीर जाते. तिथे ब्रॉन्झचाच लागतो.

तुमच्यासाठी कडेचा दांडा बरा. एक इंची स्टेनलेस पाइप, वर बिजागरीचा ब्रॅकेट, खाली 200 किलोहर्ट्‌झचा ट्रान्सड्यूसर. ब्रॅकेटचे बोल्ट पाण्याच्या रेषेच्या वर, आतून लाकडी ठोकळा देऊन घ्या आणि भोकांत बोटींसाठीचं पॉलीयुरेथेन सीलंट भरा. दांडा बोटीच्या पुढच्या तिसऱ्या भागात हवा. साउंडर फक्त स्वतःच्या खालचं सांगतो, पुढचं नाही. मागे लावला तर आकडा दिसेपर्यंत नाळ गाळात गेलेली असते. पुढे पंख्याचे बुडबुडेही नसतात, आणि सुकाणूवाला पुढेच बसत असल्याने केबल कमी लागते. धक्क्याला जी बाजू लावता तिच्या उलट बाजूला बसवा आणि मुक्कामाला दांडा वर उचला. दांडा खाली अडकवायला लोखंडी पिन नको, लाकडी खुंटी ठेवा. खुंटाला धडकला तर खुंटी मोडेल, ब्रॅकेट वाचेल.

ट्रान्सड्यूसरचं तोंड बोटीच्या तळापेक्षा 20-25 सेंटिमीटर वर, अगदी सपाट आणि बोटीच्या अंगापासून हातभर दूर असू द्या. आता ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या आकड्यात यंत्राला करायला सांगायची बेरीज-वजाबाकी, कारण बहुतेकांची गडबड इथेच होते. समजा बोटीचा तळ पाण्याखाली 70 सेंटिमीटर आहे आणि ट्रान्सड्यूसर 45. फरक 25, म्हणून ऑफसेट उणे 0.25 मीटर. मग पडद्यावरचा आकडा म्हणजे तळाखाली उरलेलं पाणी. पर्यटक चढले आणि बोट दबली तरी तो खराच राहतो, म्हणून पृष्ठभागापासूनची खोली दाखवण्यापेक्षा आम्हाला हीच पद्धत पसंत आहे. तपासायला दोरीला दोन किलोचं वजन बांधून सोडा. दोरी 1.60 मीटर भिजली, तर पडद्यावर 0.90 दिसायला हवं.

वीज 12 व्होल्टच्या बॅटरीवरून थेट घ्या. धन टोकापाशी फ्यूज हवाच. लहान यंत्रांना साधारण 3 अँपिअरचा चालतो, पण माहितीपुस्तिकेतला आकडा प्रमाण. ट्रान्सड्यूसरची केबल कापू नका, उरलेली सैल वेटोळी करून ठेवा. एसीच्या जनरेटरच्या आणि इन्व्हर्टरच्या तारांपासून तिला लांब न्या. जनरेटर चालू झाला की आकडे नाचायला लागले, तर दोष पाण्याच्या तळात नाही, तारांत आहे.

उथळात बरीच यंत्रं अर्ध्या-पाऊण मीटरखाली आंधळी होतात. आकडा गोठतो किंवा दुप्पट दिसतो. दुप्पट दिसतो तो दुसरा प्रतिध्वनी, कडक वाळूवर हमखास. सेन्सिटिव्हिटी कमी करा. उथळातल्या या आंधळेपणामुळेच उथळ पाण्याचा अलार्म 0.60 ला लावा, 0.20 ला लावून उपयोग नाही. जलपर्णीच्या जाळ्यातून जाताना मुळांतली हवा तोंडाखाली अडकते आणि आकडा गायब होतो. थांबून तोंड पुसा. तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं उघडी की वेंबनाड सरोवराचं पाणी मचूळ होतं आणि त्यातला ध्वनीचा वेग थोडा बदलतो, पण दोन मीटर खोलीत गोड्या आणि अगदी समुद्राच्या पाण्यातल्या आकड्यांतलाही फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा. त्याकडे दुर्लक्ष करा.

बडोद्यात घरी बादलीत बुडवून यंत्र पाहिलंत तर इतक्या उथळात काहीच दिसणार नाही. बिघडलंय समजून दुकानात परत नेऊ नका.