डिस्लेक्सिया: अडचण डोळ्यांत नाही, आवाज सुटे करण्यात आहे

तुमची मुलगी तिसरीत आहे, इंग्रजी बी-डी उलटसुलट काढते आणि वाचताना अडखळते. कुणी रंगीत काचांचा चष्मा सुचवलाय, कुणी रोज पाच पानं लिहून घ्या म्हणतंय, आणि "मराठी वाचते ना, मग डिस्लेक्सिया कसला?" असंही ऐकवलं गेलंय. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचणं-लिहिणं शिकताना येणारी अडचण.

आधी चष्मा. साध्या नंबरासाठी डोळे आणि त्यासोबत कान जरूर तपासा. पण रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम हा डिस्लेक्सियावरचा उपाय नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगितलं. डोळ्यांवरचा संशय जुनाच आहे. १८९६ साली इंग्लंडमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली आणि त्याला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटलं. त्याच लेखात मुलाच्या मास्तरांचं मत आहे: सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरेल. म्हणजे बुद्धी शाबूत असते हे तेव्हाच दिसलं होतं.

अक्षरं उलटी काढणं साधारण सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांत दिसतं. नंतरही टिकलं तर तपासणी करून घ्या, पण ते मूळ नव्हे. बहुतेकांची अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. कागद समोर न ठेवता विचारून बघा: 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? 'पाल'मधल्या प च्या जागी म घातला तर? मग 'टिमूक', 'झपोळ' असे निरर्थक शब्द वाचायला द्या. ओळखीचे शब्द मुलं पहिलं अक्षर आणि चित्र बघून ठोकून देतात. इथे ती पळवाट नसते. हे निदान नव्हे, ते तज्ज्ञांकडूनच. पण तिकडे जाताना या नोंदी उपयोगी पडतात.

मराठीचा मुद्दा सर्वांत फसवा. आपलं लेखन बरंचसं उच्चाराप्रमाणे असल्यामुळे चुका कमी होतात आणि दोष झाकला जातो. दिसतो तो वेगात. ती बरोबर वाचते, पण एकेक अक्षर जोडत. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अडते कुठे तेही बघा. 'पिशवी'त वेलांटी प च्या आधी दिसते, उच्चार नंतर. 'पर्वत'मध्ये रफार व च्या डोक्यावर, उच्चार व च्या आधी. र तर सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या यांत चार रूपं घेतो. चारही एकदम शिकवली की गोंधळ ठरलेलाच. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

पाच पानं लिहून घेणं मात्र आजच थांबवा. मूल काय करतं ते वहीत दिसेल: वरून खाली आधी सगळे 'क', मग सगळे 'म', मग सगळे 'ळ'. हात चालतो, कान गप्प. त्यापेक्षा रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस: पाच मिनिटं नुसते आवाजांचे खेळ, मग एकच नवं जोडाक्षर आणि त्याचे आठ-दहा शब्द, शेवटी पाच शब्द आणि एक वाक्य श्रुतलेखन. लिहिताना प्रत्येक आवाज मोठ्याने म्हणायचा. दहातले नऊ शब्द सलग तीन दिवस न अडखळता आले की पुढे जा, असा माझा ठोकताळा. रोज निम्मे शब्द जुनेच ठेवा. पालक इथेच घाई करतात.

मोठी झाली की आपोआप जाईल म्हणून थांबू नका. तोवर परिसर अभ्यास आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं तिला वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. वाचन मागे आहे म्हणून बाकीचे विषय अडवून ठेवायचं कारण नाही.