बाईकसाठी घरीच लिफ्ट टेबल बनवायचंय, गाडी १९५ किलोची आहे, २ टनाचा जॅक पुरेल का?

पुरेल भाऊ, पण टेबल एकदम जमिनीला टेकवायचा हट्ट धरला तर नाही पुरणार. मी पण तुमच्यासारखाच हिशोब केला होता, गाडी दोनशे किलो अन् जॅक दोन हजार, म्हणजे दहापट झाला की. पण कैचीवाल्या टेबलात, म्हणजे फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांवर वरखाली होणाऱ्या टेबलात, जॅक खालच्या सरकत्या टोकाला आडवा ढकलतो, आणि तो रेटा किती लागेल हे कैची किती आडवी पडली आहे त्यावर असतं. पट्टी जमिनीपासून ४५ अंशाला असेल तर वजनाइतकाच, ३० ला पावणेदोन पट, १५ ला पावणेचार पट, अन् ५ अंशाला ११ पटीच्या वर. गाडी १९५ आणि वरची फ्रेम, चेकर प्लेट (वरचा खरखरीत नक्षीचा पत्रा) धरून ६० किलो पकडा, २५५ झाले, म्हणजे ५ अंशाला २९०० किलो! जॅक तिथेच रडतो. म्हणून १५ अंशाखाली टेबल जाऊच नये असा स्टॉपर वेल्ड करा. १ मीटरच्या पट्ट्या असतील तर पिनांमधली उंची तिथे २६ सेंटीमीटर राहते, गाडी चढवायला लांब रॅम्प लावा, काही बिघडत नाही. अजून एक, साधा बॉटल जॅक आडवा टाकणार असाल तर पंपाची बाजू खाली ठेवा, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढतो.

सामान मी नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीतून घेतलं, खाली ७५ एमएमचा चॅनल (इंग्रजी C च्या आकाराचं लोखंड), कैचीला ५० बाय १० एमएमची पट्टी, २० एमएमचा ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळई) आणि सरकत्या टोकाला ६२०४ नंबरचं बेअरिंग, ते चॅनलच्या पोटात मस्त फिरतं. चारही पट्ट्या एकावर एक क्लॅम्प करून एकदमच ड्रिल मारा, वेगवेगळ्या मारल्या की मिलिमीटरभर फरक पडतो आणि टेबल वर जाताना तिरपं होऊन राहते. मधल्या भोकाला बुश (जाड नळीचा तुकडा) वेल्ड करा कारण सगळ्यात जास्त वाक तिथेच येतो. आणि वेल्डिंग मे महिन्यात करत असाल तर सकाळी नऊच्या आत उरका, टिनाच्या शेडमध्ये नंतर उभं राहणं होत नाही.

आता खरं महत्त्वाचं. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात गाडी वर होती आणि मी चहा प्यायला बाहेर गेलो, वीसेक मिनिटांनी येऊन पाहतो तर टेबल चार बोटं खाली बसलेलं. जॅकचं सील हळूहळू तेल सोडून राहिलं होतं. कैचीच्या दोन पट्ट्यांमध्ये मी स्क्रू ड्रायव्हर विसरलो होतो, तो दांड्यापासून वाकून कोयत्यासारखा झाला होता, आणि त्याच फटीत तासाभरापूर्वी ग्रीस लावायला माझा हात होता. तो स्क्रू ड्रायव्हर अजून भिंतीला टांगून ठेवलाय.

तेव्हा लॉक आधी बनवा, रंग बिंग नंतर. दोन्ही चॅनलमध्ये दर ५० एमएमला समोरासमोर भोकं पाडा आणि २० एमएमचा एकच बार आरपार टाका. टेबल खाली येताना बेअरिंग बाहेरच्या बाजूला सरकतं, म्हणून बार बेअरिंगच्या बाहेरून पाहिजे, आतून टाकला तर काहीच उपयोग नाही. मग जॅक थोडा सोडून सगळं वजन बारवर बसू द्या, त्यानंतरच हात घाला.

नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, गॅरेजचा कोबा त्यासोबत हलतो, त्यामुळे बेसच्या चारही कोपऱ्यांना खालीवर करता येणारे जाड बोल्ट द्या, अन् गाडी हँडलच्या दोन्ही बाजूंनी रॅचेट बेल्टने बांधा.

पहिल्यांदा गाडी नका चढवू. सिमेंटच्या ५० किलोच्या पाच गोण्या ठेवा, लॉक लावा, चॅनलवर बेअरिंगच्या जागी खडूने रेघ मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी रेघ जागेवर असेल तर गाडी चढवा.