नीरज चोप्रा मुद्दाम फाउल का करतो? माझा दहावीतला मुलगाही तसंच करायला लागलाय, त्याला थांबवावं का?

थांबवू नका. निदान रागवू तरी नका.

सहा थ्रोंमधला सगळ्यात लांबचा एकच धरतात. भाला बोटांतून सुटतो तेव्हाच फेकणाऱ्याला कळलेलं असतं की हा गेला नाही. मग तो आकडा पाटीवर लावून घ्यायचा कशाला? रेषेवर पाय दिला, लाल झेंडा वर झाला, विषय संपला. यात खेळाचा अपमान होतो असं म्हणणाऱ्यांनी कधी भाला हातात धरलेला नसतो.

पण नीरजचे सगळे फाउल मुद्दाम केलेले नसतात. त्याची फेकच अशी आहे की डावा पाय रोवून भाला सोडला की तो पुढे झेपावतो आणि दोन्ही हातांवर पडतो. त्या पडण्याला जागा लागते. अंतर मात्र रेषेच्या आतल्या कडेपासून मोजतात, म्हणजे रेषेच्या जितकं मागे थांबाल तितकं स्वतःच्या हातानं घालवाल. सगळी कसरत या दीड-दोन मीटरची आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीनं लिहितोय, कारण माझा एक थ्रो आजवर मोजला गेलेला नाही.

१९९६, मी दहावीत, विभागीय शालेय स्पर्धा. आमच्या शाळेचा भाला बांबूचा, मुठीला सुतळी गुंडाळलेली. स्पर्धेत मात्र धातूचा मिळाला, तो हातात थंडगार लागला. पहिला थ्रो आडवा गेला, मी चिडून रेषेवर पाय दिला. आमचे पीटीचे सर बाहेरून ओरडले, "अरे, एक तरी नोंद होऊ दे!" दुसऱ्या वेळी त्यांनी मला रेषेच्या चांगलं तीन पावलं मागेच थांबायला लावलं. थांबलो. रनअप आवरत आवरत फेकला. नोंद झाली, मी तिसरा. राज्याला पहिले दोघेच जाणार होते.

तिसऱ्या थ्रोला मी सरांकडे पाहिलंच नाही. पूर्ण धावलो. डाव्या टाचेचा दणका कंबरेपर्यंत आला आणि भाला खांद्यावरून असा निघाला की आवाजच वेगळा. मी तोंडावर पडलो. वर बघतो तर भाला पहिल्या नंबरच्या खुणेपलीकडे मातीत उभा, आणि माझ्या शेजारी लाल झेंडा. पंच म्हणाले, हात रेषेला लागला.

मी उठून त्यांच्यापुढे दोन्ही तळवे धरले. तांबडी माती होती, खरचटल्याचं रक्त होतं. फक्कीचा एक कण नव्हता. रेषा त्याच सकाळी मारलेली, नुसतं बोट लागलं असतं तरी पांढरं झालं असतं. तोवर एका पोरानं भाला उपटून आणला होता. मी सरांकडे वळलो. ते म्हणाले, "पंचांशी वाद नको." संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मी ते अंतर पावलांनी मोजलं. आकडा इथे लिहीत नाही, पावलांचा आकडा कोणी धरत नाही.

बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेची फायनल, २७ ऑगस्ट २०२३, आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आलेली. नीरजचा पहिलाच थ्रो फाउल. माझा भाऊ म्हणाला, "आता हा जपून टाकणार." मी म्हटलं, बघ तू. दुसरा थ्रो ८८.१७ मीटर, भाला जमिनीवर यायच्या आतच तो पाठ फिरवून हात वर करून उभा. पाकिस्तानचा अर्शद नदीम ८७.८२, म्हणजे फरक फक्त ३५ सेंटिमीटरचा. पहिल्या फाउलनंतर नीरज हातभर जरी मागे थांबला असता तर सुवर्ण अर्शदचं होतं. त्याच फायनलमध्ये किशोर जेना पाचवा आणि डी. पी. मनू सहावा आला. पहिल्या सहात तीन भारतीय, हे आमच्या काळात कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्शदचाही पहिला थ्रो फाउलच होता, आणि दुसरा ९२.९७, ऑलिंपिक विक्रम. जपून टाकणाऱ्याचा भाला तिथवर जात नाही.

आणि हांगझोऊ. ऑक्टोबर २०२३, आशियाई स्पर्धा. जेनाच्या दुसऱ्या थ्रोला पंचांनी फाउल दिला, तर नीरज स्वतः जाऊन पंचांशी बोलला. निर्णय फिरला, थ्रो मोजला गेला. जेनाशीच त्याची चुरस होती, तरी गेला. शेवटी नीरज ८८.८८ सुवर्ण, जेना ८७.५४ रौप्य. ते बघताना मला माझे तळवे आठवले.

गेल्या वर्षी सर एका लग्नात भेटले. मी पाया पडलो. पंक्तीत शेजारी बसून म्हणाले, "पहिला थ्रो मोजू दिला असतास तर जीव शांत राहिला असता, राज्याला गेला असतास." सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण त्या दिवशी चूक तुमची होती. नोंद होऊन मी तिसराच होतो. तुम्ही चार पावलं चालत येऊन पंचांना तळवे बघा म्हणायला हवं होतं.

तेव्हा मुलाला फाउल करू नको हे शिकवू नका. फाउल दिला आणि तो पटला नाही तर तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्यायची, हे शिकवा. खेळाडूला तो हक्क नियमातच आहे. हरकत घेतली की मुख्य पंच थ्रो मोजून ठेवायला सांगू शकतात, निर्णय नंतर होतो. पण भाला उपटायच्या आत बोलायला हवं. एकदा खूण गेली की काही उरत नाही.

एक राहिलं. मुद्दाम फाउल करायचा तो एकदा आकडा लागल्यावर. पहिल्या तीन थ्रोंमध्ये नोंदच झाली नाही तर पुढचे थ्रो सहसा मिळतच नाहीत. आणि बरोबरी झाली तर दुसरा सर्वोत्तम थ्रो बघतात, म्हणून बरा गेलेला थ्रो वाया घालवू नये. एवढ्यापुरतं सरांचं म्हणणं बरोबर होतं.

आणि त्याला पडू द्या. कोपराला पट्टी बांधा, पण पडू द्या.