संगणक अडखळतो, म्हणून हप्ता घ्यावा का?

प्रश्न : मी घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. एचडी फुटेज टाइमलाइनवर टाकलं की प्रिव्ह्यू अडखळत चालतो, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं. विक्रेत्याने सुचवलेल्या नव्या संगणकाची किंमत माझ्या चार महिन्यांच्या कमाईइतकी आहे. तो 12 टक्क्यांनी हप्ते बांधून देतोय, त्यातच कर्ज-सुरक्षा विमा आणि वाढीव वॉरंटी. सवलत शनिवारपर्यंतच आहे. खर्चाला कमाईचा पाऊण हिस्सा जातो. सध्या महिन्यातले आठ-दहा दिवस रिकामे जातात, पण वेगवान संगणक आला की काम दुप्पट होईल. थोडंफार येणं बाकी आहे, तेही येईलच. हप्ते तीन वर्षांचे घेऊ की पाच?

उत्तर : तीनही नको आणि पाचही नको. तुम्ही कळवलेले आकडे सोपे करून घेतो. महिन्याच्या कमाईला 100 धरू. संगणक 400चा. विमा आणि वॉरंटी मिळून 40, म्हणजे कर्ज 440.

विक्रेत्याचे 12 टक्के हे फ्लॅट आहेत. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर. तीन वर्षांचं व्याज 158च्या आसपास. एकूण 600 भरायचे, हप्ता 16-17चा. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजलं तर हाच दर 21 टक्के होतो. त्यातून विमा-वॉरंटीचे 40 तुमच्या हातात येतच नाहीत. हाती येतो 400चा संगणक. त्या हिशेबाने तुम्ही 28 टक्क्यांनी कर्ज घेताय. पाच वर्षांचे घेतलेत तर हप्ता 12च्या आत बसेल, पण भराल 700, आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा हा संगणकही आजच्यासारखाच जुना झालेला असेल.

कर्ज-सुरक्षा विमा ही तर मला बघवत नाही अशी वस्तू आहे. तुमचं बरंवाईट झालं तर पैसे मिळणार कर्ज देणाऱ्याला, हप्ता भरणार तुम्ही, आणि त्या विम्याच्या रकमेवर व्याजही तुम्हीच देणार. घरच्यांची काळजी असेल तर साधा मुदतीचा विमा वेगळा घ्या, संगणकाच्या बिलात नको.

पण हे सगळं लिहावं लागलं ते तुम्ही विचारलंत म्हणून. मला खरं थांबवलं ते 'थोडंफार येणं' या दोन शब्दांनी. थोडंफार म्हणजे किती, असं विचारल्यावर तुम्ही यादी पाठवलीत. सहा ग्राहक, मिळून 320. सगळ्यात जुनी बाकी सोळा महिन्यांपूर्वीची.

म्हणजे सोळा महिन्यांत तुम्ही 1,600ची बिलं केलीत आणि हातात पडले 1,280. तुमची कमाई 100 नाहीच, 80 आहे. खर्च 75. दरमहा उरतात 5, आणि तुम्ही हप्ता लावताय 16-17चा. दर महिन्याला 12चा खड्डा. तुमची शिल्लक 120ची, ती दहा महिन्यांत संपेल आणि हप्ते उरतील सव्वीस. सहा जणांना तुम्ही बिनव्याजी उधार दिलंय आणि ती जागा भरायला स्वतः 28 टक्क्यांनी उचलायला निघालाय. त्यांची बाकी आली तर जवळजवळ अख्खा संगणक रोखीने येतो.

काम दुप्पट होईल, या आशेचंही बोलू. महिन्यातले आठ-दहा दिवस आत्ताच रिकामे आहेत. एडिटिंगचा वेळ निम्म्यावर आला तर रिकामे दिवस वाढतील, ग्राहक नाही. प्रिव्ह्यू अडखळतो म्हणून एकही ग्राहक सोडून गेल्याचं तुमच्या पत्रात नाही, आणि जाणारही नाही. तो अडखळलेला प्रिव्ह्यू तुमच्याशिवाय कोणी पाहतच नाही. वेळेत न दाखवता आलेल्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली सुटी चित्रं, फक्त प्रिव्ह्यूत गळतात. तयार फाइल सावकाश बनते, पण त्यामुळे खराब होत नाही.

माझ्या सल्ल्याच्या छोट्या चित्रफिती मी स्वतःच कापतो, तेही जुन्याच संगणकावर, म्हणून हे दुखणं ओळखीचं आहे. एचडीची एक फ्रेम म्हणजे 1920 गुणिले 1080, सुमारे 20 लाख पिक्सेल. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एका फ्रेमसाठी संगणकाला मिळतात 40 मिलिसेकंद. त्यात कॅमेरा बहुधा एच.264 या व्हिडिओ दाबून ठेवण्याच्या पद्धतीत साठवतो : एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या कित्येक चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. सरळ पाहायला हे ठीक. एडिटिंग करताना आपण मधेच उडी मारतो, मागे जातो, कापतो. तेव्हा एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून सगळं उलगडत यावं लागतं. तिची पुढची आवृत्ती एच.265 असेल तर आणखी जड. फाइल लहान असूनही संगणक दमतो तो यामुळे.

यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. फुटेजच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडून एक्सपोर्ट करायचं. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. डीएनएक्सएचडी 36सारख्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून उलगडायला सोपी. जागा मात्र तासाला 16 जीबीच्या आसपास लागते. त्याआधी प्रिव्ह्यूची क्वालिटी अर्ध्यावर आणून बघा. पिक्सेल थेट पाव होतात. पावावर आणली तर सोळावा हिस्सा. नॉइज काढणं आणि स्थिरीकरण शेवटाला ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बसा, आणि फुटेज संथ पेनड्राइव्हवरून चालवू नका. फुटेज फोनवरचं असेल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बदलता असू शकतो. आवाज पुढे जाण्याचं तेही एक कारण. ते आधी स्थिर रेटमध्ये बदलून घ्या. एवढं करूनही अडलं तर एसएसडी (वेगवान डिस्क) आणि रॅम वाढवण्याचा विचार करा. नवा संगणक त्यानंतर.

प्रॉक्सीचा दुसरा उपयोग विक्रेता सांगणार नाही. आज तुम्ही काम झालं की पूर्ण दर्जाची फाइल पाठवता आणि मग पैशांसाठी फोन करत बसता. यापुढे मंजुरीसाठी लहान आकाराची, मधोमध वॉटरमार्क असलेली प्रत पाठवा. निम्मे पैसे काम सुरू होताना, उरलेले मंजुरीनंतर, आणि ते खात्यात दिसले की पूर्ण फाइल. एखादा ग्राहक रुसेल. रुसू दे, त्या यादीत असे सहा आहेतच.

त्या सहांपैकी सगळ्यात नव्या दोघांपासून सुरुवात करा. त्यांना काम अजून आठवत असेल. जुन्यांना हप्ते पाडून द्या, पण तारखा लेखी घ्या. सोळा महिन्यांपूर्वीच्या बाकीचा निम्मा हिस्सा बुडाला असं धरून चाला. आला तर शिलकीत टाका, संगणकात नाही.

शनिवारी सवलत संपते म्हणता. संपू दे. महिन्याभराने पुन्हा लिहा : प्रॉक्सी करूनही अडखळत असेल तर फुटेज कोणत्या कोडेकचं आहे ते कळवा, आणि सहांपैकी किती जणांनी पैसे दिले तेही.